उन्हावर फुलणारी सोलापुरी बाग

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भरदुपारी असा एक क्षण येतो, की अंगणात सरळ उभ्या केलेल्या काठीची सावलीच पडत नाही. शहर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवशी सूर्य नेमका माथ्यावर येतो. पारा आठवडेच्या आठवडे चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो. दुपारी स्लॅबवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. त्यात नळाला पाणी रोज नाही. उजनी धरणाचे पाणी शंभरेक किलोमीटरचे अंतर कापून शहरात येते आणि तेही दिवसांच्या अंतराने मिळते. ‘प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे फुलझाडांचे कौतुक कुणाला?’ असा प्रश्न इथे कुणी विचारला तर तो रास्तच आहे.

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते शहरातून नुसते फिरले तरी दिसते. एप्रिल-मेमध्ये लॉन करपलेले असते, गुलाबाची पाने कडेने जळालेली असतात. त्याच वेळी कंपाउंडवर बोगनवेल पानेही दिसू नयेत इतकी फुललेली असते, संध्याकाळी मोगऱ्याच्या गजऱ्यांची विक्री जोरात असते आणि कुणाच्या तरी कठड्यावर अडेनियमची गुलाबी फुले भर उन्हात टवटवीत असतात. फुलवेली आणि मांसल पाना-खोडांची झाडे, म्हणजे ज्यांना आपण सक्युलंट म्हणतो ती, यांतली अनेक उन्हाळा नुसता सोसत नाहीत; हाच त्यांचा हंगाम आहे. ही झाडे मुळात कुठली आणि ती जगतात कशी, हे समजून घेतले तर सोलापूरच्या उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर सुंदर बाग होते.

दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी

थोड्या पाण्यावर झाड जगवण्याचा अभ्यास सोलापूरला नवा नाही. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस साधारण 550 मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. म्हणूनच 1933 साली इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. पडलेला पाऊस जमिनीत मुरवायचा कसा आणि मुरलेली ओल उडून जाऊ द्यायची नाही ती कशी, हा त्या संशोधनाचा गाभा. शेतकऱ्यांच्या तोंडी तेच शहाणपण एका वाक्यात आहे: दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी. कोळपणीने वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि खालची ओल वर ओढली जाऊन उडून जाण्याची वाट तुटते.

गच्चीवरच्या कुंडीलाही हाच नियम लागू आहे. उन्हाळ्यात आपण घातलेल्या पाण्यातला मोठा वाटा झाडाच्या मुळांपर्यंत न जाता उघड्या मातीवरून हवेत जातो. आठवड्यातून एकदा खुरप्याने वरची बोटभर माती हलवली आणि तिच्यावर आच्छादन घातले, तर पाण्याची गरज लक्षात येण्याइतकी कमी होते. आच्छादनाला विकत काही आणायला नको. शेंगांच्या चटणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात शेंगांची टरफले सहज मिळतात, ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात पाचट मिळते, आणि कडुनिंबाचा पाला तर दारातच पडलेला असतो. वेलींच्या आळ्यात हे दोन-तीन इंच पसरावे. सक्युलंटच्या कुंडीत मात्र सेंद्रिय आच्छादन नको, कारण ते खोडाशी ओल धरून ठेवते. तिथे बारीक खडीचा थर द्यावा.

तहान लागली की फुलणारी वेल

उन्हाळी वेलींमध्ये पहिला मान बोगनवेलीचा. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत फिलिबेर कॉमरसाँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ सोबत होता. 1767 साली ब्राझीलमध्ये त्याने ही वेल नोंदवली आणि ती आपल्या नायकाच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

बोगनवेलीचा एक घोस हातात घेऊन नीट पाहा. कागदासारखे पातळ, रंगीत असे तीन भाग दिसतात. त्यांवर पानासारखी शिरांची जाळी स्पष्ट असते, कारण ती पानेच आहेत. फुलांना झाकणाऱ्या अशा पानांना सहपत्रे म्हणतात. प्रत्येक सहपत्राच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक नळी असते आणि तिच्या टोकाशी पांढरट चांदणी उमलते. खरे फूल ते, काडेपेटीतल्या काडीएवढे. ही फुले थोड्याच दिवसांत कोमेजतात, पण सहपत्रे कित्येक आठवडे रंग टिकवतात. बोगनवेलीचा बहर एवढा लांबतो तो यामुळे.

तिला फुलवायचे गमक पाण्यात आहे, पण उलट्या बाजूने. भरपूर पाणी आणि नत्रयुक्त खत मिळाले की ती हिरवीगार होऊन नुसती फांद्या फेकत सुटते. माती कोरडी पडली, मुळे कुंडीत दाटली आणि ऊन दिवसभर मिळाले, की ती कळ्या धरते. म्हणून फेब्रुवारीपासून तिचे पाणी तोडावे. पाने किंचित लवलेली दिसली की मगच भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा वाट पाहावी. बहर ओसरला की फांद्या छाटाव्यात, कारण फुले नव्या फुटीवर येतात. ज्या घरी रोज पाणी घालणे शक्य नाही, त्या घरासाठी हिच्याइतकी सोयीची वेल दुसरी नाही.

पांढरी, गुलाबी, लाल: मधुमालती

मधुमालतीच्या एकाच झुबक्यात पांढरी, गुलाबी आणि लाल फुले दिसतात. ही वेगवेगळ्या जातींची फुले नसून एकाच फुलाचे वय आहे. फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते आणि त्याचा सुगंध दरवळतो. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो आणि लांब सोंडेचे पतंग त्याकडे येतात. फुलाची नळी सहा-सात सेंटीमीटर लांब असते, तळाशी असलेल्या मधापर्यंत पोचायला तेवढीच लांब सोंड लागते. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी होते, मग लाल. दिवसा येणाऱ्या मधमाश्या, फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी या रंगांकडे वळतात. रात्रीचे आणि दिवसाचे असे दोन्ही पाहुणे एकाच फुलाने साधायची ही योजना.

मधुमालतीला जमीन मिळाली तर उत्तम. नाहीतर मोठा ड्रम हवा. एकदा मूळ धरले की ती पावसाळ्याअखेरपर्यंत थांबून थांबून फुलत राहते. वाढ जोरकस असते, म्हणून मांडव भक्कम हवा. पश्चिमेच्या भिंतीसाठी ती फारच उपयोगी. सोलापुरात दुपारनंतरचे ऊन पश्चिमेची भिंत तापवते आणि ती उष्णता रात्रभर घरात उतरत राहते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून तारा ताणाव्यात आणि त्यांवर मधुमालती किंवा पडदावेल चढवावी. पानांमुळे भिंतीवर ऊन पडत नाही, पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने मधली हवा गार राहते आणि सोडलेल्या फटीमुळे भिंतीला ओलही धरत नाही.

मोगरा तसा झुडूप आणि वेल यांच्या मधला. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांची घरे शेजारी शेजारी नांदतात. उन्हाळ्यात मोगऱ्याचा गजरा तिन्ही घरांत हवाच असतो. घरच्या मोगऱ्याला कळ्या कमी येतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण बहुधा हिवाळ्यात दडलेले असते. डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याचे पाणी तोडून त्याला विश्रांती द्यावी, जानेवारीच्या अखेरीस छाटणी करून जुनी पाने काढावीत, शेणखत आणि निंबोळी पेंड द्यावी आणि मग पाणी सुरू करावे. नव्या फुटीबरोबर मार्चपासून कळ्या लागतात. सायंकाळी मोगरा काढताना टपोरी पण मिटलेली कळी खुडावी, ती गजऱ्यात उमलते.

जाई-जुईला सकाळचे ऊन आणि दुपारची थोडी सावली मानवते. गोकर्णाचे बी पेरले की थोड्याच महिन्यांत जाळी भरते. ही वेल शेंगवर्गातली असल्याने मातीला नत्रही देते. गुलाबी घोसांची आइसक्रीम वेल खडकाळ जागेतही येते. उन्हाळ्यापूर्वीच्या रिकाम्या दिवसांत रंग हवा असेल तर संक्रांतवेल लावावी. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास ती केशरी फुलांनी झाकलेली असते.

रात्री श्वास घेणारी पाने

आता मांसल झाडांकडे. झाडाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो घेण्यासाठी पानावरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडावी लागतात. आणि छिद्र उघडले की आतले पाणी बाहेर जाते. सोलापूरच्या दुपारी हा सौदा फार महाग पडतो. निवडुंग, कोरफड, पानफुटी, स्नेक प्लांट यांसारख्या झाडांनी त्यावर तोड काढली आहे. त्यांची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवला जातो. सकाळी ऊन आले की रंध्रे मिटतात, आम्लातून तो वायू मोकळा होतो आणि बंद दाराआड अन्न तयार होते.

या शोधाचा एक धागा भारतातला आहे. बेंजामिन हाइन हा मद्रास इलाख्यात काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. पानफुटीची पाने त्याने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडसर लागतात, असे त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला लिहिलेल्या पत्रात नोंदवले. 1815 साली ते प्रसिद्ध झाले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, ते त्याच्या जिभेला कळले होते. घरी हा प्रयोग जिभेने करू नये, पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. पहाटे आणि संध्याकाळी एकेक पान ठेचून लिटमस कागदाला लावून पाहिले तर शाळकरी मुलांनाही फरक दिसेल.

या पद्धतीने पाणी किती वाचते? 1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना गहू-भातासारखी पिके साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी हवेत सोडतात. ज्वारीची रीत वेगळी; ती 250 ते 300 ग्रॅममध्ये भागवते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, त्यामागे हेही एक कारण आहे. रात्री श्वास घेणाऱ्या सक्युलंटना मात्र 50 ते 100 ग्रॅम पाणी पुरते. दुष्काळी भागाला या झाडांची शिफारस का करायची, ते या आकड्यांत आले.

कोणते घ्यावे, कोणते टाळावे

सगळी सक्युलंट एका माळेची नाहीत. नर्सरीत सर्वांत देखणी दिसतात ती गुलाबाच्या आकाराची, राखी-निळसर इचेवेरिया. ती मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली; तिला गार रात्र हवी. सोलापुरात मे महिन्यातल्या रात्रीही उकाड्याच्या असतात, त्यामुळे ती वाढ थांबवते. अशा वेळी कीव येऊन पाणी घातले की कुजते. तिच्या मागे लागण्यापेक्षा उष्ण प्रदेशातली झाडे निवडावीत.

त्यांत अडेनियम अग्रेसर. ते पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातले. खोडाच्या फुगीर बुंध्यात पाणी साठवते आणि कडक उन्हातच भरभरून फुलते. दर वर्षी कुंडी बदलताना बुंधा थोडा वर उचलून लावला की त्याचा डौल दिसतो. मादागास्करचा काटेरी युफोर्बिया मिली जवळजवळ बारा महिने लहान लाल-गुलाबी फुले धरतो. इथेही पाकळी वाटते ते सहपत्रच असते. चिनी गुलाबाच्या काड्या मार्चमध्ये खोचल्या तर एप्रिलपासून फुले रोज सकाळी उन्हाबरोबर उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. सावलीच्या गॅलरीसाठी स्नेक प्लांट आणि होया घ्यावे. होया ही मांसल पानांची वेल, मेणासारख्या फुलांचे गेंद देणारी; तिचे जुने फुलदेठ कापू नयेत, पुढची फुले त्याच देठांवर येतात.

आपल्या दख्खनच्या माळांवरही अशी झाडे पूर्वापार आहेत. चौकोनी खोडाची कांडवेल एकाच वेळी वेल आणि सक्युलंट, दोन्ही आहे. माकडशिंग दगडांच्या सांदीत वाढते. शेराची कुंपणे तर गावोगाव दिसतात. यांची रोपे माळरानावरून उपटून आणू नयेत. कुणाच्या घरच्या झाडाची काडी मागून लावावी. शेर, निवडुंग, युफोर्बिया यांचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते आणि अडेनियमचा रस विषारी असतो. छाटताना हातमोजे घालावेत आणि लहान मुले व पाळीव जनावरे यांच्यापासून ही झाडे दूर ठेवावीत.

बोगनवेल आणि चिनी गुलाब शेजारी ठेवले तर दोघांच्या किरमिजीत एक विलक्षण सारखेपणा दिसतो. बहुतेक फुलांचे लाल-जांभळे रंग अँथोसायनिन या गटातले असतात. या दोघांत मात्र बीटालेन नावाची रंगद्रव्ये असतात, बीटरूटला रंग देणारी तीच. निवडुंगाचे लाल बोंड, गुलबाक्षी, लाल राजगिरा यांचाही रंग त्याच कुळातला. दिसायला इतकी वेगळी असलेली ही वेल आणि ही मांसल झाडे वनस्पतींच्या एकाच मोठ्या गणातली नातेवाईक आहेत.

काळी माती, मुरूम आणि पाणी

सोलापूरची काळी माती शेतात सोने आहे, कुंडीत अडचण. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. उलट पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे गुदमरतात. यावरचा उपाय इथेच जमिनीत आहे, मुरूम. सक्युलंटसाठी निम्मा चाळलेला मुरूम, पाव भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि पाव भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. वेलींसाठी काळी माती, मुरूम आणि शेणखत समभाग घ्यावे. कुंड्या शक्यतो मातीच्या असाव्यात. त्यांच्या अंगातून पाझरणारी ओल मुळे गार ठेवते. काळ्या प्लॅस्टिकच्या लहान कुंडीत मेच्या दुपारी मुळे अक्षरशः शिजतात. कुंड्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर, एकमेकींना खेटून ठेवाव्यात.

बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असतात. कुंडीच्या कडेला पांढरी पुटे चढतात आणि मोगऱ्याची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते. चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. शेणखत वाढवावे, गरजेप्रमाणे फेरस सल्फेट द्यावे आणि पावसाळ्यात कुंडी पावसाच्या पाण्याने धुऊन निघू द्यावी. एसीतून ठिबकणारे पाणी जवळपास क्षारमुक्त असते, ते झाडांना चांगले चालते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र क्षारांनी दाट झालेले असते, ते नको.

वेलींना पाणी पहाटे किंवा रात्री, आळे भरून आणि अंतराने द्यावे. सक्युलंटना उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांनी, कुंडी गार झाल्यावर. दोन-चार दिवस गावाला जायचे असेल तर वेलीच्या आळ्यात एक लहान मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि झाकण ठेवावे. पाणी मडक्याच्या अंगातून हळूहळू झिरपते आणि मुळे त्याच्याभोवती गोळा होतात. कोरड्या हवेत वेलींवर लाल कोळी आणि अडेनियमवर पिठ्या ढेकूण येतात. पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा आणि सूर्य मावळल्यावर निंबोळी तेल एवढे बहुधा पुरते.

जागा निवडतानाही सूर्याची चाल ध्यानात घ्यावी. हिवाळ्यात सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत मेपासून जुलैअखेरपर्यंत ऊन येते, म्हणून नाजूक झाडे तिथे हलवली तरी ती भाजतात. त्यांना पूर्वेची बाजू किंवा शेडनेट बरे.

आणि सक्युलंटचा खरा वैरी उन्हाळा नव्हेच. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. जूनच्या तुरळक सरींत सावध असलेला माणूस तोवर निर्धास्त होतो आणि नेमके त्याच वेळी अडेनियमचे बुंधे कुजतात. ऑगस्टअखेरीस या कुंड्या पागोळ्यांपासून दूर, छपराखाली घ्याव्यात.

वेली लावण्याचा मुहूर्त मात्र उन्हाळ्याचा नाही. जून-जुलैत मृगाच्या सरींनंतर लावलेली बोगनवेल किंवा मधुमालती पावसाळाभर मुळे पसरवते आणि पुढच्या मार्चला थोड्या पाण्यावर उभी राहते. एप्रिलमध्ये लावलेले रोप पाणीही फार मागते आणि बहुधा दगावते. तेव्हा या उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर ऊन कुठे किती वेळ पडते ते पाहून ठेवा, शेजाऱ्याकडे फुललेल्या बोगनवेलीची काडी सांगून ठेवा, मुरूम चाळून ठेवा. पहिला चांगला पाऊस झाला की लावणी करा.